उघड्या हाताची घडी

११ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. मी रागावलेली आहे, आणि रागावलेल्या माणसाने वाकलं की पाठ धरते. तू फोन उचलत नाहीस. भावोजी उचलतात आणि "ती अंघोळीला गेलीये" म्हणतात. सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, संध्याकाळी अंघोळ. एवढी स्वच्छ बाई उपग्रह जोडतो त्या आमच्या बिनधुळीच्या हॉलमध्येच शोभायची, तर तीच नोकरी सोडून गेली. म्हणून आता पत्र. पत्राला अंघोळीचं कारण सांगून कटवता येत नाही.

तर ऐक. तुझी छत्री वर पोचली, पण पुरती उघडलेली नाही. बातम्यांत "उपग्रह सुस्थितीत" एवढंच आलं. ते खोटं नाही. घर सुस्थितीत आहे, फक्त दार अडकलंय.

हे पत्र तुझ्याआधी भावोजी वाचणार हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्यांना कळेल असं लिहिते. भावोजी, मोठी अँटेना रॉकेटच्या टोकात मावत नाही. ती छत्रीसारखी मिटून पाठवायची आणि वर गेल्यावर उघडायची. मध्ये दांडा, भोवती काड्या, आणि काड्यांवर कापडाऐवजी जाळी. जाळीची तार केसाहून बारीक, वर सोन्याचा मुलामा. उघडली तर तुमच्या अख्ख्या घराला छप्पर म्हणून पुरेल, मिटली तर एका माणसाच्या कवेत येईल. ही जाळी घड्या घालून काड्यांच्या मध्ये बसवायची हेच खरं अवघड काम. एक घडी दुसरीत अडकली की संपलं, वर जाऊन सोडवायला कुणी नाही. त्या घड्या तुमच्या बायकोने घातल्यात. तिच्याइतका हलका हात आमच्याकडे दुसरा नव्हता. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, तुम्हीही सांगू नका.

आणि हा सगळा खटाटोप लहान होड्यांसाठी. होडीवाल्याकडे मुठीत मावेल असं एक यंत्र असतं. बुडायची वेळ आली की त्याची कळ दाबायची. त्याचा आवाज इतका क्षीण असतो की तो ऐकायला वर एवढा मोठा कान लागतो.

परवा मिटलेल्या काड्या आवळून धरणारा पट्टा सुटला, मोटर फिरली, काड्या उघडायला लागल्या. पडद्याच्या खोलीत सगळे श्वास धरून. मग मोटर कण्हली. कण्हली म्हणजे जास्त वीज ओढायला लागली; आम्हाला पडद्यावर नुसती एक रेघ वर चढताना दिसते, पण इतकी वर्षं बघितल्यावर रेघसुद्धा कण्हताना ऐकू येते. मग थांबली. एक काडी दांड्याला धरून बसलीये, आणि तिच्यापायी शेजारच्याही अर्ध्यावर अडकल्यात.

ती काडी म्हणजे तू शेवटची बसवलेली. उघड्या हाताची घडी.

भावोजी, नियम असा की हॉलमध्ये हातमोज्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. पण हातमोज्याचे धागे जाळीत गुंततात, म्हणून शेवटची, सगळ्यात चिंचोळी घडी उघड्या हातानेच घालतात. आमच्याही आधीपासूनची पद्धत आहे, कागदावर कुठेच नाही. त्या वेळी साहेब खिडकीबाहेर बघत उभे राहतात. हॉलला खिडकी नाही, तरी बघतात.

ताई, त्या घडीत काही वेगळं केलं होतंस का? एवढं सांग, मग खुशाल अबोला धर. घडी घातलीस, हात धुतलास आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिलास. ज्याची घडी त्याने उघडताना हजर राहावं, हे मला तूच शिकवलं होतंस ना? मी तुझी खुर्ची मांडली होती. सगळ्यांनी ती रिकामी बघितली.

तुझी,
भिंगरी


२० जानेवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मीपण तुझीच बहीण आहे, चिकटपणा आपल्याकडे घराण्यातच आहे.

आमचं इथे असं चाललंय. प्रत्येक काडीला खुंट्या असतात, त्या दांड्यातल्या खोबणीत बसवलेल्या, म्हणजे उड्डाणाच्या हादऱ्यांनी काड्या खडखडत नाहीत. आम्हाला वाटतं, ट्रकने नेताना रस्ताभर हादरे बसून खुंट्यांवरचं वंगण घासून गेलं. इथे खाली दोन धातू घासले तरी मध्ये हवा असते, मळ असतो, त्यांचं लग्न लागत नाही. वर मध्ये काहीच नाही. नागडा धातू नागड्या धातूला भेटला की मिठी मारतो आणि सोडत नाही.

म्हणून उपग्रह वळवून ती बाजू उन्हात धरली. दांडा तापला की लांबेल, लांबला की खुंटी सैल होईल असा हिशेब होता. मग सावलीत धरून आक्रसवायचं, मग पुन्हा ऊन. दोरीवाले काका म्हणाले, "अहो, आमची आजी बरणीचं झाकण असंच काढायची." साहेबांनी ते वरच्या लोकांना जरा सभ्य भाषेत लिहून पाठवलं. काकांनी तिकडे हॉलमध्ये जुळी टांगलीये. तुला आठवतेच ती, अगदी हिच्यासारखी दुसरी, चाचण्यांसाठी ठेवलेली. जमिनीवर काडीला स्वतःचंच वजन पेलत नाही, म्हणून एकेका काडीला वरून दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. काका त्या दोऱ्यांमधून असे फिरतात की जणू घरातले कपडे वाळत घातलेत. वर जे करायचं ते आधी जुळीवर करून बघायचं असं ठरलंय.

काल भावोजींचा फोन आला. या वेळी अंघोळ नव्हती. म्हणाले, तुझा उजवा हात मिटलाय. बाकीची बोटं अर्धी, आणि करंगळीशेजारचं बोट तळव्यात रुतलंय. उघडायला गेलं तर तू ओरडतेस. डॉक्टर म्हणाले, नसा ठीक, हाड ठीक, घरी जा. मी भावोजींना म्हटलं, "हट्ट आता हातात उतरला असेल. पायात उतरायच्या आत तिला इकडे पाठवून द्या." ते हसले नाहीत.

मग म्हणाले, काल हात इतका तापला होता की तुला तो ओल्या फडक्यात गुंडाळून बसावं लागलं. फक्त हात, अंगात ताप नाही. मी त्यांना मलमाचं नाव सांगितलं. काल आम्हीही ती काडी उन्हात धरली होती. योगायोग बघ कसा असतो.

काळजी घे. आणि लिही. डाव्या हाताने लिही, नाहीतर भावोजींना सांगून लिहून घे.

भिंगरी


२८ जानेवारी

ताई,

हे पत्र भावोजींना देऊ नकोस. त्यांनी आधी उघडलं असेल तर भावोजी, कृपा करून इथेच थांबा.

मी एक गोष्ट साहेबांना न सांगता केली. परवा दुपारी तू आडवी पडली होतीस तेव्हा मी भावोजींना फोन केला आणि म्हटलं, तिचा हात मांडीवर घेऊन बसा, आणि गरम वाटला की गरम म्हणा, गार वाटला की गार म्हणा, दुसरं काही विचारू नका. ते बिचारे बसले. मी इथे पडद्यासमोर होते. उपग्रह पृथ्वीला घिरट्या घालतो, त्यात काही वेळ उन्हात असतो आणि काही वेळ आपल्या सावलीत. पडद्यावर पट्टी असते, उजेडाची पांढरी आणि अंधाराची काळी.

मला वाटत होतं, दहा मिनिटांत स्वतःला हसेन आणि चहा घेईन.

पट्टी काळी झाली. भावोजी म्हणाले, "गार पडतोय." मग म्हणाले, "अगं, हा फारच गार पडतोय. बोटांच्या टोकांवर दव आलंय." पट्टी पांढरी झाली आणि ते म्हणाले, "आली, ऊब आली." असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. शेवटी त्यांचा आवाज फाटला. "तू काय बघतेयस तिकडे? सांग ना मला." मी म्हटलं, काही नाही, डॉक्टरांनी नोंद मागितलीये. मी किती सहज खोटं बोलते हे तुला माहीत आहेच.

ताई, मी अभियंता आहे. मला कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला पाणी प्यायला दिलं असतं. पण मला भीती वाटतेय. सरळ लिहिते, मला भीती वाटतेय.

आता दुसरं. ऊन-सावलीने काही झालं नाही. साहेबांनी ठरवलंय की मोटरला हिसके द्यायचे. चालू, बंद, चालू, बंद, प्रत्येक वेळी जोर थोडा जास्त. अडकलेल्या दाराला खांदा मारतात ना, तसं. आज जुळीची काडी मुद्दाम घट्ट चिकटवून तिच्यावर तेच केलं. काड्या थरथरल्या, दोऱ्या नाचल्या आणि मग टक्क आवाज आला. खुंटी सुटली असं सगळ्यांना वाटलं. काका शिडीवर चढले आणि वरूनच म्हणाले, "सुटली नाय, मोडली." खुंटी मुळापासून तुटून काकांच्या हातात आली होती. साहेब म्हणाले, "मोडली तर मोडली, काडी उघडली ना?"

मला तुझं बोट दिसलं, मी डबा तसाच झाकला. सगळ्यांना वाटलं, भाजी बिघडली.

भिंगरी


६ फेब्रुवारी

ताई,

हिसके द्यायला माझी सही लागते. उघडण्याची जबाबदारी माझी, त्यामुळे मी "चालेल" म्हटल्याशिवाय आज्ञा वर जात नाही. मी म्हणत नाहीये.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"कारण सांग."

"जुळीवर अजून चाचणी हवी."

"किती चाचण्या? जुळी बिचारी मोडून पडलीये. काका आता तिला दोरीने नाही, देवाच्या भरवशावर टांगतात."

"खुंटी मोडली तर तुकडा जाळीत जाईल."

"जाऊ दे. फाटका कान बंद कानापेक्षा बरा." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "हे बघ, तू उगाच अडवणारी नाहीस. तुझं तिथे काही अडकलंय का? तुझ्या बहिणीची घडी म्हणून?"

मी हो म्हटलं. खरं तेच आहे, फक्त त्यांना वाटतं तसं नाही. त्यांना वाटलं मी तुझी अब्रू राखतेय. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गेल्या आठवड्यात वादळात एक होडी गेली. त्यांनी कळ दाबली होती. यंत्र सापडलं तेव्हा कळ दाबलेलीच होती. आपली छत्री उघडलेली असती तर ऐकलं असतं." आणि उठून दार उघडलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

छोटे हिसके आधीच देऊन झालेत, त्याला माझी सही लागत नाही. भावोजी म्हणाले, त्या दुपारी तुझा हात टेबलावर असा आपटत होता की कप फुटला. आता मोठे उरलेत. ताई, तुझ्या बोटाची खुंटी मोडली तर? नोकरी सोडल्यापासून शिवणकामावर जगणाऱ्या बाईचा उजवा हात आहे तो. तुझ्यावर कितीही राग असला तरी मी त्याच हाताने वेणी घालून घेतलीये. मी सही करणार नाही. त्यांनी मला काढून टाकलं तरी चालेल. दुसरा कुणीतरी सही करेल, हेही मला कळतं. पण तोवर.

भिंगरी


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. अक्षर असं की कोंबडीचे पाय बरे. डाव्या हाताने एवढं लिहायला तुला किती वेळ लागला असेल या विचारानेच मी आधी रडून घेतलं, मग वाचलं.

तर तार तुटली होती. शेवटच्या घडीत, तुझ्या तळव्यात घुसली, आणि तू ओढायला गेलीस तशी आत गेली. तू हात धुवत होतीस तेव्हा मी शेजारीच उभी होते. तुझ्या बोटांवरून पाणी गळताना बघत मी घरी कोण काय आणणार ते बोलत होते. तुटलेला तुकडा सापडेपर्यंत हॉलचं दार उघडायचं नाही हा आपला सगळ्यात मोठा दंडक, आणि तो तुकडा तुझ्या हातात बसून दाराबाहेर गेला. सांगितलं असतंस तर सगळी छत्री पुन्हा उकलावी लागली असती, उड्डाण हुकलं असतं, आणि उघड्या हाताची पद्धत बाहेर पडून साहेबांपासून काकांपर्यंत सगळे गोत्यात आले असते. म्हणून तू गप्प बसलीस, आणि मला तोंड दाखवायला नको म्हणून गेलीस. आणि मी वर्षभर तुला तुसडी म्हणत फिरले. सगळ्या नातेवाइकांत, रंगवून रंगवून.

तू लिहितेस की मी काहीच कळवलं नव्हतं तेव्हापासून तुला माहीत होतं. मोटर फिरली तेव्हा तुला हातात कळलं. आमच्या पडद्याआधी.

आणि शेवटी लिहिलंयस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. "घडी घातली ती उघडायला, मिटून ठेवायला नाही. माझ्या हाताचं माझं मी बघेन. बुडणाऱ्याला माझ्या बोटाचं काय सांगणार आहेस? भिंगरी, सही कर."

मोठी झालीस म्हणून किती हुकूम सोडायचे माणसाने.

उद्या दुपारी करू. भावोजींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर शेजारीच राहतात, त्यांना चहाला बोलावून ठेवतो." तुझ्या नवऱ्याबद्दल मी लग्नात जे बोलले होते ते मागे घेते. तू हात उशीवर ठेव. मुठीला काही आवळून बांधू नकोस. आणि तोंडात फडकं धर. मी इथून मोजूनमापून जोर चढवीन, एकदम नाही. माझा शब्द आहे.

तुझी भिंगरी


२२ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपण एवढं बोललो, तरी लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही.

तू मला विचारलंस, तिकडे कसं झालं. असं झालं. मी "चालेल" म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. पहिला हिसका, रेघ वर, रेघ खाली. दुसरा. तिसरा. काका डोकं खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मग एकदा रेघ वर गेली आणि वरच राहिली, राहिली, आणि धाडकन पडली. मोटर मोकळी फिरायला लागली. काडी सुटली होती, खुंटी शाबूत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी मला मिठी मारली, चष्मा माझ्या केसांत अडकला. मी तशीच चष्म्यासकट फोनकडे पळाले.

भावोजी म्हणाले, "उघडला. अगं उघडला! बोट सरळ आहे, काही मोडलं नाही." मागे तू हसत होतीस. इतकी हसत होतीस की मला वाटलं, सगळं संपलं, सुटलो.

काडी पूर्ण उघडली की तिच्या सांध्यात खीळ बसते. ती बसायलाच हवी, नाहीतर जाळी ढिली पडेल. म्हणून आम्ही खीळ अशी केली की एकदा बसली की निघायची नाही, आणि मिटायची आज्ञा लिहिलीच नाही. कुणी लिहीत नाही. कशाला कोण मिटेल? मी हे किती अभिमानाने सगळ्यांना सांगायचे.

तुझा हात आता मिटत नाही. चमचा धरता येत नाही, सुई तर नाहीच. पसरलेला, जरा खोलगट, घमेल्यासारखा. आणि तू म्हणतेस, तळव्यात टोचतंय. सुईने हलकेच टोचावं तसं, थांबून थांबून, मग बंद, मग दुसरीकडे.

मी तुला म्हटलं, नसा मोकळ्या होतायत. ते खोटं होतं. त्या वेळी आमचं वरचं ऐकायचं यंत्र अजून चालूच केलेलं नव्हतं, तपासण्या बाकी होत्या. तू मला सांगितलंस की कधी टोचलं, कसं टोचलं, किती थांबून टोचलं. मी साहेबांच्या मागे लागले, हट्ट केला, शेवटी आरडाओरडा केला, आणि काल यंत्र लवकर चालू केलं. पहिला आवाज आला तो तुझ्या टोचण्याच्या लयीतच आला, ताई. बरोब्बर तसाच. उलटलेल्या होडीला धरून एक माणूस आणि त्याचा भाऊ. दोघांना बाहेर काढलं. साहेब मला म्हणतात, तुझं नशीब की यंत्र लवकर चालू करायला सांगितलंस. मी म्हटलं, बहिणीचं नशीब. ते हसले.

भावोजी म्हणतात तू झोपत नाहीस. मी पहिल्या गाडीने येतेय.

भिंगरी


२ मार्च, दुपारी, तुझ्याच खोलीत

ताई,

समोर बसून पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तू जागी झालीस की वाच.

मी आले तेव्हा तू खुर्चीत बसली होतीस, हात खिडकीच्या कठड्यावर, तळवा वर. मी ओळखलं नाही तुला. डोळे कुठल्या कुठे गेलेत. मी म्हटलं, "काय गं, भिकारणीसारखा हात पसरून बसलीयेस," आणि तू म्हणालीस, "गप. एकजण बोलतोय." मग बऱ्याच वेळाने म्हणालीस, "थांबला." मी विचारलं, वाचला का? तू म्हणालीस, "ते नाही कळत. वाचला तरी थांबतो, आणि नाही वाचला तरी थांबतो."

असं सांगताना तुला रडूही येत नव्हतं. मला ते सहन होईना.

भावोजींनी सगळं करून बघितलंय. हातमोजा, कापूस, गोधडी, पाण्याची बादली. काही चालत नाही. ते स्वतः तुझा हात दोन्ही हातांत धरून बसतात, त्यानेही फरक पडत नाही, फक्त त्यांना बरं वाटतं. मी काही ठरवून केलं नाही. तुझ्या शेजारी बसले आणि माझा डावा तळवा तुझ्या तळव्यावर ठेवला, लहानपणी घर घर खेळताना ठेवायचो तसा. तू काहीतरी सांगत होतीस, काकांच्या गुडघ्यांचं विचारत होतीस. मध्येच थांबलीस. वाक्य अर्धंच राहिलं. मी बघितलं तर तू झोपली होतीस, खुर्चीतच, मान टाकून. भावोजींनी आणि मी तुला उचलून पलंगावर ठेवलं, हातावरचा हात न काढता. भावोजी स्वयंपाकघरात जाऊन हुंदके देऊन रडले.

मग माझा फोन वाजला. साहेब होते. "अँटेना बहिरी झाली. एकदम. सगळा समुद्र गप्प झालाय. काड्या जागेवर आहेत, वीज आहे, यंत्र ठीक आहे. काय झालं असेल?"

मी तुझ्या हातावरचं माझं एक बोट जरासं उचललं.

"थांब, काहीतरी आलं," साहेब म्हणाले. मी बोट परत ठेवलं. "गेलं."

का ते मला विचारू नकोस. माझाच हात का, तेही नको. आज्ञा माझ्या तोंडून गेली म्हणून असेल. एरवी मी अशा "का"च्या मागे वर्षभर लागते. आज नाही लागायचं मला. साहेबांना म्हटलं, बघते, थोडा वेळ द्या. ते म्हणाले, "लवकर बघ."

तेव्हापासून उजव्या हाताने हे लिहितेय. डावा तुझ्यावर आहे. भावोजींनी कागदाखाली ताट धरलंय. तू घोरतेयस. "मी घोरतच नाही" म्हणत आयुष्यभर भांडलीस, आता साक्षीदार आहे. तुझा तळवा माझ्या हाताखाली मगाशी गार पडला आणि आता पुन्हा गरम होतोय. तू हलली नाहीस.

खरं तर मला लिहायला इतकं काही नव्हतं. दोन ओळींत झालं असतं. मुद्दाम लांबवतेय. फोन पुन्हा वाजतोय, भावोजी माझ्याकडे बघतात, मी नको म्हणून मान हलवते. होड्या मला दिसत नाहीत, ताई, तू दिसतेस. मी म्हणजे अशी आहे, कोत्या मनाची. तू माझ्या जागी असतीस तर केव्हाच हात काढला असतास आणि वर मला रागावली असतीस. उपग्रहाचं आयुष्य पंधरा वर्षं आहे. ते आकडे मांडून मीच सिद्ध केलं होतं. मी इथेच राहणार आहे, साहेबांना काय सांगायचं ते सांगेन. रोज थोडं पत्र लिहीन. छोटं. जेवढा वेळ लिहीन तेवढा वेळ माझा हात तुझ्यावर, आणि तेवढं तू झोपायचं.

आजचं झालं. काका बरे आहेत, गुडघे तसेच. जुळीला त्यांनी पुन्हा उभी केलीये. तुझी खुर्ची अजून पडद्याच्या खोलीत आहे, कुणी बसत नाही. भावोजी ताट धरून दमलेत. फोन थांबत नाही. एवढं वाक्य पुरं होईपर्यंत झोप, मग मी हात काढते.